सीताफळाचे डोळे उघडेपर्यंत

टेम्पो सुरू झाला तरी आमचे हे अंगणातून हलले नाहीत. मोगऱ्याला पाणी घालत होते. मे महिन्याचं ऊन, मागं माझी ट्रंक, पिठाचे डबे आणि शिलाई मशीन, पुढं मी आणि स्टिअरिंगवर मुलगा विजू. विजूनं दोनदा हॉर्न दिला. तेव्हा कुठं मान वर करून म्हणाले, "तुमी व्हा की पुढं. येवढा मोगरा संपला की आलोच मी."

आणि मी झाले पुढं. इतका संसार केलेल्या बाईला कळायला हवं होतं की मोगरा संपला म्हणून बाग संपत नाही.

कुरुंदवाडात मागं राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या चढावर येऊन बसलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते, कारण तुमच्यातल्या निम्म्याजणींचे नवरे याच मातीचे आहेत. आमच्या घरात पुराचं पाणी दोनदा माळ्याला लागलं. दुसऱ्या खेपेला आम्ही म्हातारा-म्हातारी रात्रभर पत्र्यावर बसलो होतो. तेव्हाच विजूनं सांगितलं, इथं पुढचा पावसाळा काढायचा नाही. त्यानं कसबा बावड्यात चढावर घर बांधलं. हे त्याला "व्हय, व्हय" म्हणाले. ह्यांच्या 'व्हय'चा अर्थ मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळला होता, विजूला अजून कळायचाय.

घर सोडण्याचा मला सराव होता, असं मला वाटायचं. मी शाहूवाडीकडच्या डोंगरातली. लग्न होऊन कुरुंदवाडात आले तेव्हा माझ्याएवढी शहाणी पोरगी पंचक्रोशीत नव्हती. निघताना मी हंबरडा फोडला, तर आई म्हणाली, "रडायचं तर हिरीवर जाऊन रड. चुलीपाशी रडू नगो, कालवण खारट हुतंय." सासरी आल्यावर पहिल्याच पावसात मी कुदळ घेतली आणि बागेतलं पाणी निघून जावं म्हणून परसातून ओढ्यापर्यंत छान उताराचा चर खणला. आमच्या डोंगरात असंच करतात. कपाळाचा घाम पुसत सगळ्यांकडं बघितलं, कुणीतरी शाबासकी देईल म्हणून. आठवड्यानं नदी फुगली आणि त्याच चरातून पाणी रुबाबात चालत आमच्या जास्वंदीपर्यंत आलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, तुज्या गावात पानी वरनं येतंय. हितं खालनं येतंय." पुढं कितीतरी वर्षं घरात कुठं गळती लागली की हे मला विचारायचे, "तू खणलीस काय?"

असो. त्या शहाण्या पोरीला हसायला मला आवडतं, पण या वर्षी हसू फार वेळ टिकलं नाही.

मी बावड्यात आले आणि रोज सकाळी चहा व्हायच्या आत ह्यांना फोन लावू लागले. जूनमध्ये विचारलं, "मोगरा संपला न्हवं?" तर म्हणाले, "संपला की. पर जांभळं पडाय लागल्यात. येचल्याबिगर कसं येऊ?" जांभळं संपली, तर पेरूला फुलं आलेली. पेरू लिंबाएवढे झाले, तर पोपटांपासून राखायला माणूस पाहिजे. मी म्हटलं, "पोपटांना खाऊ द्या की वो." त्यावर ह्यांनी फोन ठेवला. ऑगस्ट लागला तेव्हा तेरड्याला कळ्या आल्या होत्या, आणि सीताफळ पहिल्यांदाच फांद्या वाकेपर्यंत लागलं होतं. "सीताफळाचं डोळं उघडू देत," म्हणाले, "मग पोतं भरून आनतो तुला."

सीताफळाचे डोळे उघडायचे, फळ पिकायला यायचं, म्हणजे दसरा-दिवाळी. आणि नदी काय दसऱ्याची वाट बघत बसते?

बावड्यातली पंचगंगा तीच. बंधाऱ्यावरून जे पाणी माझ्यासमोरून जातं तेच पुढं कुरुंदवाडला जातं. त्यामुळं आठवडाभर पावसानं उसंत दिली नाही तेव्हा माझी गंमतच झाली, म्हणजे शेजारणींना वाटलं तशी. म्हातारी रोज छत्री घेऊन बंधाऱ्याच्या रस्त्यावर जाते आणि पाण्याकडं बघत पुटपुटते. एकीनं विचारलं, "आजी, नवस बोललाय काय?" मी म्हटलं, "न्हाय गं, नवऱ्याला कोन भेटाय चाललंय ते बघतोय." ती हसली. मीही हसले. घरी येऊन मात्र माझी भाकरी तव्यावर करपायची. जे पाणी मी आज बघत होते ते त्यांच्या दारात जाणार होतं, आणि दारात एक म्हातारा पोपट हाकलत बसला होता.

विजू आणायला निघाला, तर वाटेतला रस्ता पाण्याखाली गेलेला. फोन लागेना. लागला तेव्हा वीज नव्हती, बॅटरी संपत आलेली, आणि हे काय सांगत होते? "सीताफळाच्या बुडात पानी आलंय गं. मुळं कुजतील." मी आयुष्यात ह्यांच्यावर इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. म्हटलं, "मुळं गेली खड्ड्यात! तुमी निघा!" पलीकडं काहीच नाही. ऐकलं की फोन बंद पडला, ते कळेना. मग कुरुंदवाडची माझी शेजारीण मालूअक्का, तिच्या मुलाचा फोन आला. ह्यांना बोटीत बसवलं होतं. "काकू, काका यायलाच तयार न्हवते. आईनं शिव्या घातल्या तवा बसले." मालूअक्काच्या शिव्यांचं मी आजवर कधी कौतुक केलं नव्हतं.

हे आले ते गुडघाभर चिखलात, काखेत स्टीलचा डबा. डब्यात आमचे देव. घरात पाऊल टाकून पहिला प्रश्न, "हितं तुळस कुठाय?"

वाटलं, सुटले एकदाची. कुठलं काय! पाणी उतरलं तसे हे एसटीनं कुरुंदवाडला जायला लागले, गाळ काढायला. संध्याकाळी येऊन बागेचं सांगायचे, जसं कुणी दवाखान्यातल्या माणसाचं सांगतं. मोगरा गेला. तेरडा झोपला. पेरूनं पानं गाळली, पण खोड हिरवं आहे. सीताफळावर फळं तशीच होती, गाळानं माखलेली, काळी पडलेली. एवढं सांगून हे चपलेचा चिखल खरवडत बसले.

मग एकदा तिथंच मुक्कामाला राहिले. पुढच्या आठवड्यात परत. भिंती ओल्या, सापांची भीती, आणि परतीचा पाऊस रोज संध्याकाळी गडगडायला लागलेला. मी विचारलं, तर म्हणाले, "घट बसवायला घर साफ करायला नगो व्हय?"

तेव्हा ह्यांचा बेत माझ्या ध्यानात आला. नवरात्रात घट जिथं बसतो ते घर. आमच्याकडं एकदा देव बसले की नऊ दिवस घरच्या कर्त्यानं वेस ओलांडायची नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. कुरुंदवाडात घट बसला की हे तिथलेच झाले. नऊ दिवसांनी येतो म्हणतील, नि मग शेवंती उमलेल.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ह्यांनी देवांचा डबा पिशवीत भरून दारापाशी ठेवला. पहाटे हे अंघोळीला गेले, तेवढ्यात मी पिशवी उघडली. कुंडीसाठी ह्यांनीच आणलेला कुरुंदवाडचा गाळ पत्रावळीवर पसरला, धान्य पेरलं, घट ठेवला, देव मांडले, दिवा लावला. सुनेनं विचारलं, "आत्ती, मामांना सांगितलंय न्हवं?" मी म्हटलं, "देवाला सांगितलंय."

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दिव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कुनाला इचारून?"

मी दिव्याची वात पुढं सारत म्हटलं, "बसलं आता देव. उठवा की, हिंमत असंल तर."

हे कपडे घालून बाहेर पडले. मी दारात उभी. चहा गार झाला. विजू म्हणाला स्टँडवर बघून येतो, मी नको म्हटलं, पण पाय दारातून हलेनात. ऊन अंगणात आलं तेव्हा हे वळणावर दिसले. हातात कारळ्याची पिवळी फुलं, कुणाच्या तरी बांधावरची. "पहिल्या माळंला फुलं नगोत व्हय?" म्हणाले. "नुसता घट बसवून बसलीया."

आज घटातलं धान वितीएवढं वर आलंय. दसऱ्याला घट उठेल, आणि मग ह्यांना अडवायला माझ्याकडं काही नाही. त्याची धाकधूक आहेच. कुणी विचारतं, आजी, आता तुमचं घर कुठलं? शाहूवाडी, कुरुंदवाड, बावडा, मी तिन्ही नावं घेऊन बघते. पण खरं सांगायचं तर पाऊस सुरू झाला की ज्या दाराकडं बघून मला हे आत आहेत की बाहेर एवढंच विचारावं लागतं, ते माझं घर.

काल संध्याकाळी हे अंगणात पहारीनं माती टोकरत होते. विजूला म्हणाले, "हितं मुरूम किती खोलावर लागतोय रं?" काय लावायचंय, ते मी विचारलं नाही. जे लावतील त्याला फळ धरायला खूप वर्षं लागोत.