नुकसानीचं कारण काय लिहू?

छंदी माणसांत राहिलं की वस्तू साठतात तसे किस्सेही साठतात. सांगली-साताऱ्याकडचे आम्ही पाच-सहा जण, प्रत्येकाला काही ना काही जमवायचं वेड. मी विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला. त्यामुळे नदी फुगली किंवा कुठं वायर जळली की पहिला फोन मला!

*

साताऱ्याचे सुभेदार फौजेतून आले आणि जुने रेडिओ जमवायला लागले. मी म्हटलं, "आधी यादी करा, फोटो काढा, मग विमा." त्यांनी यादी केलीच, वर आग लागली तर कुठला रेडिओ आधी काढायचा याची ड्रिलही बसवली!

एका दुपारी खरंच प्लगमधून धूर आला. पडदा पेटला. सुभेदार खिशातली यादी काढून चष्मा शोधू लागले. सुभेदारीणकाकूंनी मेन स्विच पाडला, पडदा ओढून अंगणात फेकला आणि ओरडल्या, "आवं, यादी मागनं वाचा! आदी भाईर या!"

*

वैशालीताई सांगलीत, नदीपासून लांब विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांचा छंद पोस्टाच्या तिकिटांचा. घरी चोरीची भीती नको म्हणून सगळे अल्बम त्यांनी नदीकडच्या जुन्या गावातल्या एका बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. लॉकर तळघरात. पुराचं पाणी नेमकं तिथंच शिरलं!

पाणी ओसरलं तरी आठ दिवस बँक बंद. ताई रोज शटरसमोर जाऊन उभ्या. नवव्या दिवशी लॉकर उघडला. एकेक अल्बम विटेसारखा घट्ट. मला वाटलं, आता कोसळतील. त्या हळूच म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी एकेक तिकीट वेगळं लावलं. पाण्यानं सगळ्यांना एकत्र बसवलं."

लॉकरमधल्या वस्तूंचा वेगळा विमा काढावा लागतो, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. अजून बोचतं.

*

कवठे महांकाळचे शिंदे सर ज्वारीची जुनी वाणं बाटल्यांत जपतात. विमा कंपनीतला साहेब म्हणाला, "ज्वारीच ना? बाजारभावानं धरू." सर तिरमिरीत उठून आले. घरी जाऊन त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्यांना प्रत्येक वाणातलं मूठ-मूठ बियाणं वाटून टाकलं.

दोन वर्षांनी वळवाच्या वादळात पत्रा उडाला. बाटल्या फुटल्या, बियाणं चिखलात. सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा दारात. "सर, तुमची ज्वारी हाय की माज्याकडं. मूठ आणू का पोतं?"

*

आणि सांगलीचे अण्णा. जैन व्यापारी, दुकान खाली, घर वर. कापडावर नक्षी छापायचे जुने लाकडी ठसे त्यांनी आयुष्यभर जमवले. पूर येणार म्हटल्यावर सगळे ठसे माडीवर हलवले, पूर आणि आग दोन्हींचा विमा तर मी नोकरीत असतानाच माझ्याकडून करून घेतलेला.

पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं. शेजारपाजारची सतरा माणसं अण्णांच्या माडीवर. त्यात अकरा दिवसांचं बाळ. बाळंतीण तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. पावडरीचा डबा होता, पण पाणी उकळायचं कशावर? वरचा सिलिंडर संपलेला, भरलेला खाली बुडालेला, वीज गेलेली, सरपण ओलं. बोटीचा पत्ता नाही. बाळाचं रडणं बारीक होत चाललेलं.

अण्णा उठले, ठशांची पहिली पेटी उघडली.

पाणी उतरल्यावर मी क्लेमचा फॉर्म घेऊन गेलो. पेट्या रिकाम्या, कोपऱ्यात राख.

"अण्णा, पुरात गेले म्हणून लिहू?"

"पानी माडीवर आलंच न्हाई. खोटं कशाला लिवतोस?"

"मग आगीत?"

"आग मीच लावली की रं."

"अण्णा, रकाना रिकामा ठेवता येत नाही. नुकसानीचं कारण काय लिहू?"



"लिव, बाळाला भूक लागली हुती."