ग्लिनिस आंटीचा काजूदंड

मिठबावच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये ग्लिनिस फर्नांडिस चौदा वर्षं मुकादमीण होती. आंबा हातात घेतला की तो कुठल्या बाजारापर्यंत टिकेल हे ती सांगायची, आणि नवीन कामगार समोर आला की तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकेल का, हेसुद्धा. तिला एकच गोष्ट जन्मात जमली नव्हती. स्वतःबद्दल बरा शब्द काढणं.

यात तिचा एकटीचा दोष नव्हता. या किनाऱ्यावर स्वतःची स्तुती करणारा माणूस आणि भर दुपारी 'ताजो बांगडो' म्हणून ओरडणारा माणूस, दोघांकडे सारख्याच नजरेनं बघतात. नक्कीच खंय तरी कुसलेला आसतला!

पण यंदा प्रसंग अवघड होता. मालकानं शेडची जागा रिसॉर्टवाल्यांना दिली होती. हा मोसम शेवटचा. म्हापशाचा भाऊ 'माझ्या हॉटेलात ये, चादरींचा हिशेब ठेव' म्हणून फोनवर फोन करत होता. ग्लिनिसला मिठबाव सोडायचं नव्हतं. आणि नेमकी देवगडात, मोबाइलवर फळं विकणारी पुण्याची एक टेक्नॉलॉजी कंपनी केंद्र उघडत होती. त्यांना हवा होता ऑपरेशन्स मॅनेजर. भाची एलिना घरी बसून लॅपटॉपवर कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायची. तिनं आंटीचा अर्ज परस्पर भरून टाकला. मुलाखतीला अकरा दिवस होते.

"आंटी, ते विचारतले, कठीण प्रसंग सांगा. तू काय सांगतलंस?"

"गेल्या मे म्हयन्यातलो सांगतंय. पाऊस पडलो, घाटात दरड इली, मोठे गाडये बंद. आमचो सहाशे पेट्यांचो ट्रक नांदगावाक अडाकलो. मगे परशुरामान टेम्पो हाडल्यान, शेडातल्या सीतान बायांका जमवल्यान, सायबिणीन पाऊस थांबवल्यान. झाला."

"आणि तू खंय होतंस?"

"मी थंयच उभी होतंय."

"उभी रवान काय करी होतंस?"

"काय नाय गो. नुसती सांगी होतंय."

एलिनानं कपाळाला हात लावला. मग तिनं कायदा काढला. ग्लिनिसनं आपलं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं की दंड, एक काजूबी. पहिल्या दिवशी अर्धं सूप भरलं. दंडातून देवांनाही सूट नव्हती. सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, एकटीच्या नावावर सात बिया जमा झाल्या.

ग्लिनिस मात्र हटली नाही. एकदा मनावर घेतलं की ती बाई कालवाच्या शिंपल्यासारखी मिटायची. उघडायला कोयता लागे. आंबे निवडता निवडता सराव म्हणून पुटपुटायची, पेंढा भरता भरता पुटपुटायची. "निर्णय मी घेतला." एवढी तीन शब्दांची कसरत, पण तोंडातून येताना माशाच्या काट्यासारखी घशात अडकायची. शेडमधल्या बायांना वाटलं, आंटी नोव्हेनाची प्रार्थना म्हणते. दोघी-तिघी आदरानं गप्प बसल्या.

सहाव्या दिवशी एलिनानं परशुराम टेम्पोवाल्याला मुलाखत घेणारा साहेब म्हणून खुर्चीत बसवलं. तो शर्टाचं वरचं बटण लावून आला आणि ऑफिसातल्या मराठीत सुरू झाला.

"हां, तर मॅडम, आपण आपल्या कठीण प्रसंगाविषयी आम्हांस सांगावे."

"साहेब, दरड आली. तेव्हा परशुराम नावाच्या एका हुशार माणसानं ठरवलं, की..."

"मी?" साहेबाची मराठी एका क्षणात मालवणीवर आली. "मी खंय ठरवलंय? मी नांदगावाक हॉटेलात भजी खाय होतंय! तुझो फोन इलो. म्हणालंस, मोठो ट्रक थंयच सोड, चार छोटे टेम्पो बघ, ते घाटातसून सोडतत. पिकाक इलेलो माल आधी काढ, हिरवो दोन दिवस रवात. तुझो आवाज असो, की भजी तोंडातच रवली. आता माझ्या नावावर खपवतंस? उद्या बायको म्हणात, एवढी अक्कल होती ती घरात कित्याक नाय वापरलंस?"

एलिना हसून हसून खाली बसली. ग्लिनिस हसली नाही. साक्षीदार समोर बसून साक्ष देत होता. चारशे पेट्या पिकायला आलेल्या, दोनशे हिरव्या. त्या दुपारी ही वाटणी केली कुणी? चार टेम्पो कुणाला सुचले? तिनं मुकाट्यानं एक बी एलिनाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "परत विचार रे, परशुराम."

मुलाखतीला ती चर्चमधल्या मिससाठी ठेवलेला निळा ड्रेस घालून गेली. समोर तिघं जण, तिघंही तिच्या चौदा वर्षांच्या नोकरीपेक्षा थोडेच मोठे दिसत होते. प्रश्न तोच आला. ग्लिनिसनं दरड सांगितली, ट्रक सांगितला.

"मग हे ठरवलं कुणी?" मधल्या मुलीनं विचारलं.

जिभेवर परशुराम आला, सीता आली, सायबीण तर पदर सावरून तयारच होती. ग्लिनिसनं पर्समधली काजूबी मुठीत घट्ट धरली.

"मी," ती म्हणाली. "एकही पेटी मी उचलली नाही. कुठली पेटी कुणी, कधी, कुठल्या गाडीत ठेवायची, ते मी सांगितलं. अकरा पेट्या खराब झाल्या. तो अंदाजही माझाच चुकला. हिरव्या म्हणून ठेवल्या, त्या हिरव्या नव्हत्या. आता मी देठाजवळ दोनदा बघते."

तिघांनीही लिहून घेतलं. कपाळावर घाम आला होता, पण ग्लिनिसनं तो पुसला नाही. घामही आपलाच होता.

मुलाखतीनंतर आठव्या दिवशी, एलिना शेडमध्ये आलेली असताना मेल आला. एलिनानं तो आधी स्वतः वाचला, मग मोठ्यानं वाचला. पेट्या घ्यायला आलेल्या परशुरामानं टेम्पोतूनच आरोळी मारली, "काय झाला गो?"

"अरे, ह्या एलिनान..." ग्लिनिसनं तोंड उघडलं. एलिनाचा तळवा आधीच पुढे आला होता.

ग्लिनिसनं तोंड मिटलं. इकडेतिकडे बघितलं, दृष्ट लावणारं कुणी नाही ना. मग मान वर करून म्हणाली, "माका नोकरी गावली. मी मिळवलंय."

आणि तरीही तिनं पर्समधली बी काढून एलिनाच्या तळव्यावर ठेवली.

"ही कित्याक?"

"पयला तुझा नाव मनात इला, त्याचो दंड."