हुरडा आवडला का, विचारायला गेलो

आता आधी पुरतं ऐका, मग हसा. असली फजिती वैऱ्याचीबी होऊ नये!

माझा पुतण्या संकेत पुण्याला नोकरीला. तिथंच त्याच्यासोबत स्पेनची एक पोरगी कामाला, लुसिया. दोघांचं जमलं, तिच्याकडनं हा स्पॅनिशबी शिकला. आता पोरीचा बाप, आंतोनियो, घरदार बघायला आमच्या गावी, केजला येणार! त्याला इंग्रजीबी येईना, अन् सारखं पोरांच्या तोंडून किती बोलायचं? घरात सगळ्यांची तोंडं उतरली.

मी म्हणलो, "काळजी कावून करता? मी हाय ना!"

दोन महिने मोबाईलवर स्पॅनिश घोकत होतो मी. अन् आवडीनिवडीचा धडा तर आपल्यासाठीच केलेला हाय हो! इंग्रजीवाले त्यात रडतात म्हणे. आपण कसं, 'मला हुरडा आवडतो' म्हणतो? तेबी तसंच म्हणतात! 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं. 'ते गुस्तो?' म्हणजे तुला आवडलं का? संपला विषय.

बायको म्हणाली, "रामराम घाला अन् गप बसा."

ऐकतंय कोण?

पाहुणा आला. शेतात हुरड्याचा बेत. बायको, संकेत अन् लुसिया विहीर बघायला गेले. आगटीपाशी आमी दोघंच. मी गरम कणीस हातावर चोळलं, हुरडा पाहुण्याच्या तळहातावर ठेवला अन् प्रेमानं विचारलं, "ते गुस्तो?"

पाहुण्याला ठसकाच लागला. "नो! नो!"

न्हाई आवडला? केजचा हुरडा? शक्यच न्हाई! मी लसणाची चटणी वाढली. जरा जवळ सरकलो. "ते गुस्तो?"

तो मागं सरकला अन् बोटातली अंगठी दाखवायला लागला. मला वाटलं, चटणीनं बोट झोंबलं. मी त्याचा हात धरला अन् बोटावर फुंकर मारली!

गडी ताडकन उभाच राहिला. लालबुंद!

मेलो! सोयरीक मोडती आता! काहीतरी गोड बोलावं म्हणून त्याच्या लेकीची तारीफ केली. "मे गुस्ता तू ईखा." तुझी लेक मला आवडते.

"लुसियाऽऽ!" असा वरडला की ज्वारीतली पाखरं उडाली.

तिघं पळत आले. बाप हातवारे करत काय काय सांगत होता. लुसिया ऐकता ऐकता पोट धरून खालीच बसली.

संकेतनं कपाळाला हात लावला. "काका, काय विचारलंत तुमी?"

"हुरडा आवडला का!"

"अहो, जोर शेवटच्या 'तो'वर द्यायचा! तुमी 'गुस्'वर दिला. तुमी विचारलं, 'मी आवडतो का तुला?'"

"अन् लेकीचं?"

"ते म्हणजे, लेक माझ्या मनात भरली."

घ्या! म्हणजे मी आधी बापाला मागणी घातली. त्यानं नकार दिला, तर लेकीला घातली! अन् निघालतो कशाला? पुतण्याचं जमवायला!

लुसियानं बापाला सगळं उलगडून सांगितलं. तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग असा हसला की डोळ्यांतून पाणी. खाली बसला, ताटलीभर हुरडा संपवला. लेकीनं कानात काहीतरी सांगितलं. तेच त्यानं अडखळत, मोठ्यानं म्हणलं, "हुरडा... लई... आवडला!"

आमी टाळ्या वाजवल्या. मग लेकीला हळूच काहीतरी विचारलं अन् माझ्याकडं बोट करून म्हणतो, "हा... न्हाई."

बायको लगेच पुढं झाली. "संकेत, सोयरीक पक्की कर रे बाबा. माणसाला पारख हाय!"