ताईच्या पाच जागा

मास्तरांनी शिवलेला कोट परत येणं ही घटना तीस वर्षांत पहिल्यांदा घडली. बस कंडक्टरचा होता. हात वर करून दांडी धरली की अख्खा कोट कानापर्यंत चढायचा. मास्तरांनी टेप लावला आणि कपाळाला हात लावला. मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, तब्बल दोन इंच खोल गेला होता.

चूक कात्रीची नव्हती. वर्षभरापासून मास्तर मापं कॉम्प्युटरवर टाकत होते. एक फुकट प्रोग्रॅम होता, मापं दिली की कापायचा कागदी नमुना छापून द्यायचा. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा, असा सगळ्यांसाठी खुला. त्याच्या माहितीपुस्तिकेत मुंढ्याचं माप चुकीचं छापलं होतं आणि मास्तरांनी तेच भरलं होतं. मास्तरांनी प्रोग्रॅमवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘पुस्तिका वाचलेली तुम्ही पहिलीच व्यक्ती. समितीत याल का?’

समिती म्हणजे दोनच माणसं. दोघांनी मिळून तो प्रोग्रॅम लिहिला होता. एक दाढीवाला, एक चष्मेवाली. दर रविवारी दुपारी दोघं पडद्यावर यायचे आणि भांडायचे. पुस्तिका नव्याने लिहायची हे ठरलं होतं, पण कुठल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे शीर्षकं आणि याद्या दाखवायच्या कुठल्या खुणांनी लिहायची, यावर तीन महिने घोडं अडलं होतं. चष्मेवालीला मार्कडाउन हवं होतं. दोन-चार खुणा शिकल्या की झालं, कुणालाही जमेल. दाढीवाल्याला रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट हवं होतं. शिस्तीचं काम, मोठ्या पुस्तकाला तेच पेलेल. या विषयावर एकमेकांना चारशे निरोप गेले होते. पुस्तिकेची एक ओळ लिहून झाली नव्हती.

“कापड आणलं नाही आणि तुम्ही बटणांवरून हमरीतुमरीवर आलात,” मास्तर म्हणाले.

“मग तुम्हीच सांगा, मास्तर,” दाढीवाला म्हणाला.

मास्तरांना दोन्हींतलं काही कळत नव्हतं. पण कुठल्याही गिऱ्हाइकाला ट्रायल दिल्याशिवाय ते शेवटची शिलाई मारत नसत. म्हणाले, “एकच पान दोन्ही तऱ्हांनी लिहून पाठवा. आमच्या ताईला दुरुस्त करायला देतो. जिथे ती अडणार नाही, ते घ्या.”

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यापासून ती दुकानात बसून काजं करायची आणि पाटीवरचं ऱ्हस्वदीर्घ सुधारायची. तिने हात धुतले, खुर्ची पुढे ओढली, मुंढ्याचं माप बरोबर केलं आणि खाली बाही कशी जोडायची यावर दोन झकास परिच्छेद स्वतःच लिहून टाकले. दोन्ही पानांत, अर्ध्या तासात.

रविवारी पानं पडद्यावर उघडली. मार्कडाउनच्या पानात ताईचे दोन्ही परिच्छेद करड्या चौकटीत कोंडून बसले होते, प्रोग्रॅमचा कोड दाखवतात तसे. दाढीवाला गालातल्या गालात हसला. मग त्याचं पान उघडलं. तिथे तेच परिच्छेद आत सरकून कुणाचं तरी अवतरण असल्यासारखे उभे होते.

“काकू, तुम्ही परिच्छेदाच्या आधी स्पेस सोडल्यात का?” चष्मेवालीने विचारलं.

“पाच,” ताई म्हणाली. “परिच्छेद पाच जागा सोडूनच सुरू होतो.”

“इथे सोडायच्या नसतात.”

“सहा साहेब बदलले माझ्यासमोर. एकानेही पाच जागांवर बोट ठेवलं नाही.”

“ताई, अगं, एवढ्यापुरतं—” मास्तर म्हणाले.

“तू गप्प बस. तू बटणाला दोनच टाके घालतोस का कधी?”

मास्तरांनी काजाचं कापड पुढे ओढलं. आपापल्या फॉरमॅटवर पडद्यावरच्या दोघांनी तीन महिने जीव टाकला होता, पण अशी अडचण कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. शेवटी चष्मेवाली हळूच म्हणाली, “पाठवलेल्या पानातल्या ओळींच्या सुरुवातीच्या जागा आपोआप गाळायच्या. चार ओळींचं काम आहे. यादीच्या आतल्या यादीला तेवढ्या जागा लागतात, तर ती करायची नाही, एवढं पथ्य आपण पाळू.”

“मीही तेच करतो,” दाढीवाला म्हणाला आणि तिथल्या तिथे कामाला लागला. मास्तर काजं करत बसले. वीस मिनिटांनी त्याचा आवाज आला, जरा पडलेला. “माझ्याकडे जमत नाही. माझ्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक जागेला अर्थ आहे. सूचना, टिपा, सगळं या जागांच्याच आधारावर उभं असतं. गाळल्या तर पानच कोसळतं.”

चष्मेवाली गालातसुद्धा हसली नाही, आणि त्याबद्दल मास्तरांना तिचं फार कौतुक वाटलं.

“मार्कडाउन घ्या,” दाढीवाला म्हणाला. “काकूंचे परिच्छेद चांगले आहेत. मला आज पहिल्यांदा कळलं बाही कशी जोडतात.”

“तुला माहीत नव्हतं?” मास्तरांनी विचारलं. “मग प्रोग्रॅम कसा लिहिलास?”

“गणितावर.”

मास्तरांनी त्या कंडक्टरला मनातल्या मनात हात जोडले आणि नव्या कोटाचं कापड कापायला घेतलं.

पहिल्या महिन्यात ताईने त्रेचाळीस दुरुस्त्या पाठवल्या. त्यांतल्या अठ्ठावीस पुस्तिकेतल्या होत्या. उरलेल्या पंधरा दाढीवाल्याने तिला लिहिलेल्या निरोपांतल्या.