मिस द्या, उचलू नका

निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं. ‘पोचलीस की कळव’ म्हणायला घरात कुणी नव्हतं. मुलगा कॅनडात. दर रविवारी त्याचा मेसेज येतो, ‘मिस यू आई’. फोन मात्र येत नाही. नाशकात मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. मिस म्हणजे चुकणं, हुकणं, आणि आठवण येणं, सगळे अर्थ फळ्यावर लिहून दिले. माझ्या वाट्याला त्यातला नेमका कुठला आला, ते काही कळत नाही.

बीडच्या स्टँडवर उतरले तर कपिलधारच्या धबधब्याकडची गाडी नुकतीच गेलेली. ‘मिस झाली बघा म्याडम,’ चहावाला आनंदानं म्हणाला. मग चौसाळ्याच्या बाजूला जाणाऱ्या काळीपिवळीत (माणसं कोंबत जाणारी जीप) शिरले. शेजारच्या बाईचं नाव गयाबाई. मांडीवर फडक्यात धपाटे, मुठीत बटणांचा फोन.

‘कावून (का) एकट्याच?’

‘दुकटं कोण आहे इथं?’ मी तुसडेपणानं म्हटलं. तिनं मनावर घेतलं नाही, उलट धपाटं पुढं केलं. चटणी इतकी जहाल की नाकाडोळ्यांतून पाणी.

तीही कपिलधारलाच निघाली होती. लेक-जावई ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. ‘फडातून कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) आली की लेक मिस देती, एक रिंग वाजवून ठेवती. काल आला न्हाई. जिवाला घोर हाय.’

‘अहो, आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. बोलत का नाही?’

‘बोललं की ती रडती, मंग मी रडते. मिसमदी रडू न्हाई येत.’

थंडीतला कपिलधारचा धबधबा म्हणजे कड्यावरून उतरणारी बारीक धार. भोवती वानरं आणि गारठा. फोन माझ्या हाती देऊन गयाबाई पाय धुवायला उतरली. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर ‘लेक’ असं नाव. मी आपली शहाणी, घाईनं उचलला.

‘हॅलो?’

पलीकडून घाबरा आवाज, ‘कोन बोलतंय? माय कुठं हाय? काय झालं तिला?’

गयाबाई ओल्या पायांनी धावत आली. ‘मला काय न्हाई झालं गं! तुझा काल कावून आला न्हाई?’ चार्जिंग उतरलं होतं, एवढंच. मग दोघी मनसोक्त रडल्या. मी ओशाळून वानरांकडं बघत राहिले.

‘मिस उचलायचा नसतो ओ,’ ती पदरानं नाक पुसत म्हणाली. ‘पर बरं झालं. लई दिवसांनी आवाज ऐकला. तुमी घरी पोचल्या की मला मिस द्या. मी उचलणार न्हाई.’

नाशकात कुलूप उघडलं आणि दिवा लावायच्या आधी तिला मिस दिला. एक रिंग, आणि बंद केला. लगेच तिचा आला. वाजला, थांबला. मिसमध्ये रडू येत नाही म्हणे. येतं की.

मग धीर करून मुलालाही एक दिला. त्याचा मेसेज आला, ‘आई, चुकून लागला का?’

‘नाही,’ मी लिहिलं. ‘पोचले.’

त्यानं विचारलं, ‘कुठं?’