जिने चढणारा बिस्किटाचा पुडा

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी साखऱ्याच्या अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होते. "ताई, माणिकमामा गेले सकाळी," एवढंच तो म्हणाला. काट्याच्या झोळीत एक पोरगी लोंबकळत होती. तिला उतरवलं, वजन लिहिलं आणि मग खालीच बसले. माझ्या पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा होता, मामांसाठीच घेतलेला. आठ दिवस तो पिशवीत पडून होता, कारण पोलिओ डोसाचं काम निघालं आणि मी कुरुंद्याला जाणं आज-उद्या करत राहिले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. महिना उलटून गेला, अजूनही वाटते... पण मामांबद्दल लिहायचं तर सुरुवात बिस्किटाच्या पुड्यापासूनच करावी लागते. आमच्या घरात तो पुडा आणि मामा वेगळे काढताच येत नाहीत.

मामा काही सख्खे नव्हते. आईच्या माहेरचे, तिच्याच गल्लीतले, म्हणून मामा. कुरुंदा ते नांदेड काळी-पिवळी जीप चालवायचे, आमचं गाव त्याच वाटेवर. नऊ माणसांच्या गाडीत सतरा बसवायचे आणि अठरावा आला की म्हणायचे, "या, या, जागाच जागा हाय." माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, ते दाजी म्हणायचे, आणि दाजी-मेव्हण्याच्या नात्यात बसते तेवढी सगळी चेष्टा वसूल करायचे. अण्णाही काही कमी नव्हते. मामांची जीप दारात थांबली की ते मोठ्यानं विचारायचे, "मेव्हणे, ढकलायला येऊ का?"

हिंगोली जिल्हा व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट, आमचं गाव अजून परभणी जिल्ह्यातच होतं. अण्णांची स्वतःची मोठी लोखंडी कढई होती. हंगामात ते शेतोशेती भट्टी लावून लोकांची हळद शिजवून द्यायचे. गावातलं एक घर असं नसेल, जिथली हळद त्यांच्या हाताखालून गेली नाही. त्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांचेच हात पिवळे, नखं पिवळी, सदरे पिवळे. त्यामुळं अण्णा पिवळे पडत चालले आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. डोळे पिवळे दिसले तेव्हा आई म्हणाली, वाफ लागली असंल. शेवटी पोटात दुखायला लागलं, अंगाला रात्रंदिवस खाज सुटली, तेव्हा मामांनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि नांदेडला नेलं. डॉक्टर रागावून म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" आता त्यांना काय सांगावं? हळदीत होतो म्हणून सांगावं?

पोटात गाठ होती आणि ती फार पुढं गेलेली होती. डॉक्टरांनी मामांना आणि मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की बरे होणार नाहीत, पण दुखणं आणि खाज कमी करता येईल, उरलेले दिवस सुखाचे करता येतील. फक्त औषधं महाग होती आणि रोज लागणार होती. दवाखान्यातल्या खोलीचं भाडं आईच्या पाटल्यांतून निघालं. औषधांसाठी मात्र घरात कढईशिवाय काही उरलं नव्हतं, आणि कढईचं नाव काढलं की अण्णा उठून बसायचे. "ती पोराची हाय. तिला हात लावला तर मी आत्ता घरी चाललो." मामांनी स्वतःचे पैसे पुढं केले तर आणखीच भडकले. "मेव्हण्याच्या पैशानं सलाईन लावून घेऊ व्हय?" आयुष्यभर दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला माणूस, त्याला घ्यायची सवयच नव्हती. घरी नेलं असतं तर ते तळमळत गेले असते, हे मला दिसत होतं. मला दुसरं काहीही नको होतं, फक्त त्यांना झोप लागावी असं वाटत होतं.

मग मामांनी एक डोकं लढवलं. आमच्याकडं कुणी आजारी पडलं की सगळं गाव भेटायला जातं, आणि जाताना रिकाम्या हातानं जात नाही. बिस्किटाचा पुडा, डझनभर केळी, काहीतरी नेतंच. दुसऱ्या दिवशी मामांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तुकडे केले आणि माझ्यापुढं टाकले. "माय, एका चिठ्ठीवर एकच औषध लिही. अक्षर नीट काढ, डॉक्टरवानी काढू नको." मी लिहून दिलं. चिठ्ठ्या त्यांच्या दोन्ही खिशांत गेल्या, स्वस्त औषधं डावीकडं, महाग उजवीकडं. जीपमध्ये बसलेला माणूस दाजीला भेटायला निघालाय असं कळलं की मामा त्याची ऐपत बघून खिशात हात घालायचे. मजुराला सलाईनची सुई, बागायतदाराला इंजेक्शन. "बिस्कीट घेऊ नका, केळी घेऊ नका. मेडिकलमधून एवढं घ्या आन् खाली सिस्टरजवळ द्या. वर दाजीपुढं शब्द काढायचा न्हाई." अण्णांना त्यांनी सांगून टाकलं, की डॉक्टर ओळखीचा निघाला, सॅम्पलचे औषधं देऊन राहिला. अण्णांना ते पटलं. तीन दिवसांत त्यांची खाज उतरली आणि चौथ्या दिवशी दुपारी ते दोन तास गाढ झोपले. मी आणि आई नुसत्या त्यांच्याकडं बघत बसलो होतो. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि पाचव्या दिवशी सगळं फिसकटलं. सकाळी गेले तर अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले. आई पदर डोळ्यांना लावून बसलेली. "काय झालं अण्णा?" मी विचारलं. तर म्हणाले, "पोरी, मी गावाचं काय वाईट केलं गं?" मला काहीच कळेना. "चार दिवस झाले, लोकं येऊन राहिले. पण एकाच्याबी हातात एक केळंसुदिक न्हाई. काहून? ज्यांची हळद मी पाऊस यायच्या आत रातोरात शिजवून दिली, ते हात हालवत येऊन गेले. मेलेल्या माणसाला काय द्यायचं, असंच ना? मला घरी न्या. मला हितं न्हाई राहायचं." आणि त्यांनी हाताची सलाईन उपटायला घेतली. आईनं हात धरला. मी जिन्यावरून धावत खाली गेले. मामा फाटकाशी जीप पुसत होते. सांगितलं तसा त्यांनी फडकं टाकून कपाळावर हात मारला. "आयला, हे ध्यानातच आलं न्हाई!"  मग समोरच्या टपरीवर गेले आणि ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा घेऊन आले. एकच. मामांची कंजुषी तिथंही सुटली नाही.

त्या दिवसापासून जो भेटायला येईल त्याच्या हातात मामा फाटकाशी तो पुडा द्यायचे. माणूस वर जायचा, पुडा अण्णांच्या उशाशी ठेवायचा, बसायचा, बोलायचा. तो उठला की मी काहीतरी निमित्त काढून पुडा ओढणीखाली घालायची आणि त्याच्या मागोमाग खाली नेऊन मामांना द्यायची. मग पुढचा माणूस. एका दिवसात त्या पुड्यानं नऊ चकरा मारलेल्या मला आठवतात. अण्णांचा चेहरा फुलला. कोण आलं, कोण गेलं, ते आईला पुन्हा पुन्हा सांगायचे. एकदा एक म्हातारी आत्या पुडा घेऊन तशीच घरी चालली होती, तर मामांनी जीप आडवी घालून तिच्याकडून काढून घेतला. ती म्हणाली, "दिलास तर नीट दे की, भिकारड्या!" आम्ही पोट धरून हसलो. बापाच्या आजारपणात आपण इतकं हसलो याची तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका दुपारी मामा वर आले, तर अण्णांच्या हातात तो पुडा होता. त्याचा पांढरा कागद ठिकठिकाणी पिवळा झाला होता. हंगामाचे दिवस, धरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हळद. अण्णांनी तो कानाशी धरून हलवला. आत नुसता भुगा वाजला.  मामा दारातच थांबले. अण्णा म्हणाले, "मेव्हणे, ह्या पुड्याला उद्या सुट्टी द्या. लय जिने चढला गडी." मग त्यांनीच विचारलं, "औषधंबी अशीच ना?" मामांनी मान खाली घातली.  अण्णा म्हणाले, "कोणी कोणी दिलं ते मला सांगू नका. सांगितलं तर फेडत बसावं लागंल, आन् तेवढा टाईम न्हाई आपल्याजवळ. चालू द्या." मग त्यांनी पुडा फोडला. आईच्या, माझ्या, मामांच्या तळहातावर चिमूट चिमूट भुगा ठेवला आणि थोडा स्वतःच्या जिभेवर. आठवड्यानं ते गेले. झोपेत गेले, कण्हले नाहीत. कढई घरातच राहिली. भाऊ आजही तिच्यावर पोट भरतो.

मामांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते त्यांच्या जाण्याच्या आठ दिवस आधी, त्यांच्या घरी. जीप केव्हाच विकली होती, अंग पार सुकलं होतं. दुखणं काय, ते त्यांनी मामींशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अख्खं गाव दारात उभं राहिलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी हात पुढं केला. "मामा, चिठ्ठी द्या." ते हसले. "चिठ्ठी न्हाई माय आता. डॉक्टरनं लिहायचं बंद केलं. तू आपली बिस्कीट घेऊन ये." मीही हसले. औषधाची वेळ निघून गेलीय, आता नुसतं भेटायला ये, असं त्यांना म्हणायचं होतं, ते परतीच्या एसटीत कळलं आणि उतरल्या उतरल्या मी पुडा घेतला. आणि मग ते पोलिओचं काम.

मी मातीला पोहोचले तेव्हा सगळं उरकत आलं होतं. घरात चूल पेटली नव्हती, शेजारणीनं चहा आणला होता. मी पिशवीतून पुडा काढून मामींच्या मांडीवर ठेवला.  मामींना सगळं माहीत होतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, मग फोडला आणि माझ्या तळहातावर दोन बिस्किटं ठेवली. अख्खी होती. एक कोपरासुद्धा मोडला नव्हता. या पुड्याला एकही जिना चढावा लागला नव्हता... आणि मग मला इतकं रडू आलं की मामींनाच माझी समजूत काढावी लागली.