शेजारच्या इमारतीची उंची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वर्षाला तर नाहीच. इंग्रजीत मला सगळं फार सफाईने सांगता येतं — शाळेची सवय. हे सफाईने सांगायचं नाही, म्हणून घरच्या भाषेत लिहिते आहे.

वर्षा बोलकी, मी गप्प. गप्प माणसाला लोक भलं समजतात, हे तुम्हीही पाहिलं असेल ना?

एम.टेक.ला आमचा दोघींचा एकच प्रकल्प होता. शहराच्या दाटीत एखाद्या इमारतीवर वारा किती जोर लावेल, हे मशीनला, म्हणजे संगणकाला, शिकवून आधीच सांगता येईल का? आमच्याच शहरात, नेपियर टाउनमधल्या एका इमारतीची छोटी लाकडी प्रतिकृती वर्षाने बनवली. तिचे बाबा शहराच्या कडेला, रांझीला फॅक्टरीत कामाला. हत्यारं तिच्या हाताला लहानपणापासून सवयीची. भिंतींना बारीक भोकं, प्रत्येक भोकाला नळी. वाऱ्याच्या बोगद्यात पंखा सुरू झाला, की प्रत्येक ठिकाणचा दाब पडद्यावर दिसायचा. त्या आकड्यांवरून मशीनला शिकवणं माझं काम.

नळ्या तपासताना ती भोकावर स्ट्रॉ धरून फुंकायची आणि मी पडद्यावर रेघ उडते का ते बघायची.

"उडली का ग? काहून गप्प बसून राहिली? हूं तरी म्हण!"

मी हूं म्हणायची. सगळ्या रेघा उडाल्या होत्या — कोपऱ्यातल्यासुद्धा. मी स्वतः पाहिल्या होत्या.

पुढे मशीनचा अंदाज सगळीकडे जुळला, कोपऱ्यांवर मात्र नाही. तिथे वारा भिंतीला बाहेर खेचत होता, अंदाजापेक्षा कितीतरी जोरात. प्रकल्प बघणाऱ्या सरांनी मला एकटीला बोलावलं.

त्यांच्या खोलीत जाण्याआधीच मला कारण सापडलं होतं — हेच तर सांगायचं आहे. बोगद्यात शेजारची उंच इमारतही उभी होती. वर्षाने तीही बनवली होती. पण मशीनला द्यायच्या माहितीत तिची उंची भरायला मी विसरले होते. मशीनच्या लेखी शेजारी मोकळं मैदान. दोन इमारतींमधल्या फटीतून घुसणारा वारा त्याला कळणार तरी कसा?

सरांनी विचारलं, "ये कोने में क्या हो रहा है?"

मी म्हटलं, "सर, शायद नलियाँ लीक कर रही हैं।"

एवढंच. आवाजही चढला नाही माझा. सर हसले. "वर्षा जी बातें ज़्यादा करती हैं, काम कम।" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मैत्रिणीबद्दल सांगावं लागलं म्हणून मला वाईट वाटतंय.

कोपऱ्यांचे आकडे काढून टाकले. आलेख सुंदर दिसू लागला. बोगद्याचं काम वर्षाकडून गेलं. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत सर तिची शिफारस करणार होते, ती माझी झाली. मी गेले.

जाण्याआधी मी ती उंची गुपचूप भरली, वर्षाचे काढून टाकलेले आकडे परत घेतले. सगळे जुळले. मी त्याला 'सुधारणा' म्हटलं, आणि शाबासकी घेतली. त्या दिवशी तरी बोलता आलं असतं — कोण अडवत होतं?

वर्षा आता कोचिंगमध्ये गणित शिकवते. मागच्या दिवाळीत मी रांझीला तिच्या घरी गेले होते. तिच्या आईने चिवड्याची बशी पुढे केली. वर्षा माझ्या खांद्यावर हात टाकून तिला सांगत होती, "आई, तेव्हा सगळे मलाच नावं ठेवून राहिले होते. ही एकटी अशी, की माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नळ्या चांगल्याच होत्या ना ग माझ्या?"

मी हूं म्हटलं.